फायटर नुसता उभा, विझार्ड सगळं उडवतो: डीएमने बॅलन्स कसा सांभाळायचा

"मंग मी काय टाळ्या वाजू का भो?" हे वाक्य ज्या टेबलावर ऐकू आलं त्या टेबलाच्या डीएमसाठी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या खेळात गोष्ट आणि शत्रू चालवणाऱ्यासाठी, हे लिहितोय. सीन ठरलेला असतो, पाचव्या लेव्हलची पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी), समोर आठदहा गॉब्लिन, विझार्डचा, म्हणजे जादूगाराचा, इनिशिएटिव्ह (टर्नचा क्रम) वर लागतो, आगीचा फायरबॉल पडतो आणि तलवारवाल्या फायटरची टर्न येईपर्यंत मैदानात राख. फायटरवाला मग मोबाईल काढून बसतो. आणि डीएम काय करतो तर पुढच्या रविवारी येऊन सांगतो की आजपासून फायरबॉलचं डॅमेज ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे) नाही ६डी६, मग विझार्डवाला रुसतो, म्हणजे आधी एक नाराज होता आता दोन झाले.

क्लासच्या (फायटर, विझार्ड असल्या पात्रांच्या प्रकारांच्या) नियमांना हात न लावता डीएमच्या हातात भरपूर गोष्टी असतात, त्या आधी वापरून बघा. मी इथे डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती धरतोय, २०१४ वाली, कारण आमच्याकडे जळगावात तीच चालते आणि तिचा एसआरडी, म्हणजे मूळ नियमांचा दस्तऐवज, २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये फुकट आहे. पुस्तकांच्या किमती बघून कोणी मागे हटत असेल तर क्लासचे मूळ नियम तिथून उचला आणि खेळायला लागा.

पहिलं काम, वही घ्या आणि हिशोब करा. "विझार्ड ओपी (अति ताकदवान) आहे" हे सगळेच म्हणतात, आकडे कोणी काढत नाही.

पाचव्या लेव्हलचा फायटर, स्ट्रेंग्थ १८, हातात ग्रेटसोर्ड. हिटला +७, समोरच्याचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १५, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा वर पडलं की लागलं, १०० पैकी ६५ वेळा. एका वाराचं सरासरी डॅमेज ११, पाचव्या लेव्हलला दोन वार, त्यामुळे क्रिटिकल सोडून दिले तरी राउंडला साधारण १४. अ‍ॅक्शन सर्ज (त्याच टर्नला अजून दोन वार) मारला तर त्या राउंडला २८. चोर, म्हणजे रोग क्लासवाला, रेपियर आणि ३डी६ स्नीक अटॅक (डाव साधून मारल्याचं जादा डॅमेज) धरून राउंडला १२, अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा) मिळाला तर १६-१७. विझार्डचा फायर बोल्ट, कितीही वेळा टाकता येणारं साधं स्पेल, राउंडला जेमतेम ७, आणि फायरबॉल? सेव्ह डीसी (शत्रूने गाठला तर निम्मंच डॅमेज बसतं तो आकडा) १५, समोरच्याचा डेक्स (चपळाई) +२, तर एका शत्रूमागे सरासरी २२.

आता गंमत बघा. दिवसभरात एकच लढाई झाली, चार राउंड चालली. विझार्ड दोन फायरबॉल टाकतो, प्रत्येकात तीन शत्रू सापडले असं धरा, वर दोन फायर बोल्ट, एकूण १५० च्या आसपास. फायटर चार राउंड आणि एक अ‍ॅक्शन सर्ज मिळून ७०. म्हणजे दुपटीहून जास्त, फायटरवाल्याचं रडणं खरंच आहे.

पण त्याच दिवसात सहा लढाया ठेवा, मध्ये दोन शॉर्ट रेस्ट (तासाभराचा आराम). एकूण २४ राउंड. विझार्डकडे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट (स्पेल टाकायचा कोटा) दोनच, आर्केन रिकव्हरीने (थोडे स्लॉट परत मिळवायची सोय) अजून एक, म्हणजे तीन फायरबॉल, उरलेले २१ राउंड फायर बोल्ट, सगळं मिळून ३५० पर्यंत जातं. खालचे सात स्लॉट तो शील्ड, मिस्टी स्टेप असल्या जीव वाचवायच्या कामात घालवतो असं धरलंय, कारण सहा लढायांत ते घालवावेच लागतात. फायटर २४ राउंड आणि तीन अ‍ॅक्शन सर्ज, ३८५. फायटर पुढे गेला की नाही?

म्हणजे गेम लिहिणाऱ्यांनी बॅलन्स केलाच नाही असं नाहीये, त्यांनी तो पूर्ण दिवसावर केलाय. २०१४ च्या डीएम गाइडमध्ये सरळ लिहिलंय की पार्टी दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा अवघड एन्काउंटर झेलू शकते. आपण काय करतो, रविवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर जमतो, तासभर गप्पा, मग एक मोठी लढाई, मग "रात्र झाली, सगळे झोपतात, लाँग रेस्ट" आणि घरी. लाँग रेस्टला सगळे स्लॉट भरतात, म्हणून अशा टेबलावर विझार्ड कायम फुल टाकी घेऊन येतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे नळाला पाणी कधी येणार त्यावर घरातला वापर ठरतो ना, उद्या येणार असेल तर माणूस अंगण धुतो आणि आठ दिवसांनी येणार असेल तर तांब्याने मोजतो, स्पेल स्लॉटचंही तेच आहे. विझार्डवाल्याला पुढचा लाँग रेस्ट कधी हे माहीत नसलं की तो आपोआप हात आखडतो, तुम्हाला काही नर्फ (कमजोर) करावं लागत नाही.

मग करायचं कसं, कारण एका बैठकीत सहा लढाया कोणाच्या बापाला जमत नाहीत. तर सेशन आणि खेळातला दिवस यांची गाठ सोडा. सेशन संपला म्हणजे दिवस संपला असं कुठे लिहिलंय? खेळातला एक दिवस आरामात तीन रविवार चालू द्या, फक्त प्रत्येकाने आपले एचपी (जीव किती उरला) आणि स्लॉट शीटवर पेन्सिलने लिहून ठेवायचे आणि शीट डीएमकडे जमा, नाहीतर पुढच्या वेळी सगळ्यांचे स्लॉट "बहुतेक भरलेलेच होते" असं निघतं.

यासाठी आपल्याकडे आयता नकाशा आहे, असीरगड. बुऱ्हाणपूरजवळचा फारुकींचा किल्ला, १६०१ मध्ये अकबराने घेतला तो. त्याची बांधणीच तीन टप्प्यांची आहे, खाली मलयगड, मध्ये कमरगड आणि माथ्यावर असीरगड. नाव बदला, राक्षस भरा आणि डंजन तयार. खालच्या टप्प्यावर दोन छोट्या लढाया, मधल्या टप्प्यावर दोन आणि एक सापळा, वर मुख्य भानगड. दोन टप्प्यांच्या मधल्या दरवाजात तासभर दम खायला जागा द्या, म्हणजे शॉर्ट रेस्ट, पण आठ तास झोपायला मिळणार नाही कारण वरून पहारेकरी फेरी मारतात. आणि शॉर्ट रेस्ट म्हणजे खेळातला एक तास हं, आपण शेवभाजी मागवतो तो नाही. शॉर्ट रेस्ट देताना कंजूषपणा करू नका, फायटरचा अ‍ॅक्शन सर्ज आणि सेकंड विंड (थोडे एचपी परत), मंकची 'की' ही शक्ती, वॉरलॉकचे स्लॉट हे सगळं त्यावर परत येतं, आणि लोक फक्त लाँग रेस्ट घेत बसले की हेच तिघे सगळ्यात जास्त मार खातात. वॉरलॉकवाला "माझ्याकडे दोनच स्लॉट" म्हणून रडत असेल तर आधी बघा की तुमच्या टेबलावर शॉर्ट रेस्ट होतात तरी का.

प्रवासाची कॅम्पेन असेल, समजा चाळीसगावच्या बाजूने निघून तापी ओलांडून तोरणमाळपर्यंत जायचंय आणि वाटेत चार दिवसांतून एखादी झटापट, तिथे हे जमत नाही कारण रोज रात्री झोप आहेच. त्यासाठी डीएम गाइडमध्येच एक पर्याय आहे, शॉर्ट रेस्ट आठ तासांचा आणि लाँग रेस्ट सात दिवसांचा. म्हणजे रस्त्यावरची रात्रीची झोप शॉर्ट रेस्ट, आणि गावात आठवडाभर मुक्काम केला तरच स्लॉट भरणार. मला स्वतःला हा नियम फार आवडतो, पण कॅम्पेन सुरू व्हायच्या आधी सांगा, मध्येच लावलात तर विझार्डवाला म्हणेल मुद्दाम केलं आणि त्याचं बरोबर असेल.

दर वेळी "सूर्यास्ताच्या आत पोचा नाहीतर बळी देतील" असली घाई पण लावू नका. कधीतरी ठीक आहे. रोज तेच केलं की लोकांना कळतं की डीएम आपल्याला झोपू देत नाहीये.

आता शत्रूंची मांडणी. फायरबॉलची त्रिज्या २० फूट, म्हणजे पाच फुटांच्या चौकटीच्या नकाशावर आठ चौकटी रुंद गोळा, रेंज १५० फूट. तुम्ही दहा गॉब्लिन एका घोळक्यात शंभर फुटांवर उभे केले तर फायरबॉल टाक असं आमंत्रणच दिलं ना भो. गॉब्लिनचे एचपी ७ असतात, सेव्ह झाला तरी सरासरी १४ बसतात, म्हणजे मेलाच.

उदाहरण घ्या. पाचव्या लेव्हलचे चार जण, समोर दोन ओगर आणि चार ऑर्क. ओगरचे ४५० एक्सपी (अनुभवाचे गुण) प्रमाणे ९००, ऑर्कचे १०० प्रमाणे ४००, बेरीज १३००, सहा शत्रू म्हणून दुप्पट धरायचं, २६००. चार जणांना मध्यम म्हणजे २०००, अवघड म्हणजे ३०००, तर ही मध्यम लढाई झाली. नावं आम्ही बदलतो, ओगरला सातपुड्यातला राकस म्हणतो आणि ऑर्क म्हणजे घाटातले लुटारू, आकडे तेच. ही सहा जणांची टोळी एका रांगेत आणली तर विझार्डचा एक फायरबॉल आणि लुटारूंचा निकाल. पण असं करा: दोन लुटारू रस्त्यात आडवे, पार्टीपासून तीस फुटांवर, दोन वर कड्यावर धनुष्य घेऊन आणि राकस दुसऱ्या राउंडला मागून, बैलगाडीच्या बाजूने येतात जिथे पार्टीचं सामान आहे. तेच शत्रू, तोच एक्सपी, पण आता फायरबॉलमध्ये जास्तीत जास्त दोन सापडतात, राकसाला अडवायला फायटरच पाहिजे कारण त्याचा एक दणका सरासरी १३ चा आणि विझार्डला असे दोन बसले की तो आडवा व्हायला आला, आणि कड्यावरच्या धनुष्यवाल्यांपर्यंत लपत जाणं हे चोराचं काम. चौघांना चार कामं मिळाली. अजून लुटारू पाहिजेत तर तिसऱ्या राउंडला लाटेसारखे आणा, फायरबॉल आधीच उडालेला असतो.

सगळ्या लढाया अशा करू नका हे पण सांगतो. कधीमधी घोळका द्या. विझार्डवाल्याने ते स्पेल हौसेने घेतलंय, त्याला पण बारा गॉब्लिन एका झटक्यात उडवायचा आनंद मिळाला पाहिजे, फक्त तो दर रविवारचा कार्यक्रम नको.

उलटी चूक म्हणजे एकच मोठा राक्षस. चार जणांच्या टोळीला राउंडमध्ये चार टर्न, त्याला एक, म्हणून तो तीन राउंडात मरतो, किंवा विझार्डच्या एका होल्ड मॉन्स्टरसारख्या स्पेलने गारठून उभा राहतो आणि बाकीचे त्याला लाकूड तोडल्यासारखं तोडतात. लेजंडरी रेझिस्टन्स त्यासाठीच दिलाय, मोठे ड्रॅगन दिवसात तीन वेळा फसलेला सेव्ह पास करून घेतात. पण त्याचा नुसता भडिमार झाला की विझार्डवाल्याला आपले स्पेल वाया गेले असं वाटतं, म्हणून सोबत चारपाच चिल्लर शत्रू ठेवा, त्याच्या स्पेलला तिथे तरी काम मिळेल.

जागा हा भाग लोक सगळ्यात जास्त विसरतात. सपाट मैदान म्हणजे लांबून मारणाऱ्यांची मजा. आपल्याकडे केळीची बाग काय कमी आहे? रावेर-यावलच्या बाजूला बागेत उभं राहून बघा, दोन ओळींच्या पुढचं काही दिसत नाही, नुसती पानं. नियमात दाट झाडी म्हणजे हेव्हिली ऑब्स्क्युअर्ड, नजर पूर्ण अडते. विझार्ड तिथे फायरबॉल टाकू शकतो पण टाकणार कुठे? शत्रू दहा फुटांवर येऊनच दिसतो आणि तिथे फायरबॉल टाकला तर आपलेच भाजतात. चोराला मात्र स्वर्ग, बोनस अ‍ॅक्शनला लपायचं, पुढच्या ओळीतून निघून मारायचं. फायटरला पण बरं, समोर येईल तो त्याच्या हाताच्या अंतरावर. तापीकाठच्या घळी पण तशाच, वळणावळणाच्या, एका वेळी दोनच माणसं शेजारी उभी राहतील एवढ्या, तिथे पुढे फायटर उभा राहिला की तोच दरवाजा.

आणि फायरबॉलच्या वर्णनात एक वाक्य आहे जे विझार्डवाले सोयीने विसरतात, कोणी अंगावर घातलेली किंवा हातात धरलेली नसलेली पेटणारी वस्तू पेटते. आमच्या खेळात एका व्यापाऱ्याच्या कापसाच्या वखारीत लढाई होती, छतापर्यंत गंज्या. विझार्डवाल्याने फासे हातात घेतले, मी फक्त विचारलं, "कापूस कोणाचा आहे माहितीय ना?" त्याने फासे खाली ठेवले आणि दोन मिनिटं शीट चाळून शेवटी वेब टाकलं, तीन जण चिकटले, मग फायटर आणि बार्बेरियन आत घुसले. फायटरवाला ओरडला, "आते मन्हा नंबर!" मी कुठलाच नियम बदलला नव्हता, वखार तेवढी कापसाची ठेवली होती.

वेबवरून आठवलं, कॉन्सन्ट्रेशन (लक्ष मोडलं की तुटणारी स्पेल) नीट चालवा. एका वेळी एकच असं स्पेल, आणि डॅमेज बसलं की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, डीसी १० किंवा डॅमेजच्या निम्मं, जे जास्त असेल ते. अर्धे डीएम हा सेव्ह मागायलाच विसरतात आणि मग म्हणतात जादूवाले फार झाले. शत्रूकडे दोन धनुष्यवाले असले तर ते विझार्डकडे बाण सोडणारच, अक्कल असलेला शत्रू असेल तर. पण लांडगे, झाँबी हे समोर येईल त्याला चावतात, त्यांना जादूगार कोण ते कळत नाही. दर लढाईत सगळ्या शत्रूंनी विझार्डलाच धरलं तर तो बॅलन्स नाही, सूड आहे.

फायटरवाल्याला एक गोष्ट शिकवा, फक्त "मी मारतो" म्हणू नकोस. एका वाराच्या बदल्यात ढकलता येतं, अ‍ॅथलेटिक्स जिंकलं की शत्रू आडवा, आणि आडव्यावर पाच फुटांच्या आतून मारणाऱ्या प्रत्येकाला अ‍ॅडव्हान्टेज. आपल्याहून एक साइज मोठ्यापर्यंत चालतं, म्हणजे ओगर पण पडतो. लांबून बाण मारणाऱ्याला मात्र आडव्यावर डिसअ‍ॅडव्हान्टेज मिळतो, त्यामुळे पार्टीत रेंजर असेल तर आधी बोलून घ्या नाहीतर तिथेच भांडण. २०२४ च्या नियमांत फायटर, बार्बेरियन, रोग वगैरेंना वेपन मास्टरी मिळालीय, टॉपल, पुश, क्लीव्ह असल्या, म्हणजे हत्याराप्रमाणे वेगळी करामत. २०१४ वाल्या टेबलावर पण ती तेवढी उचलून आणली तर फायटरवाल्याच्या टर्नला काहीतरी निवडायला मिळतं, मी आणलीय आणि काही बिघडलं नाही.

चोराचा स्नीक अटॅक काढून घेऊ नका, ही माझी हात जोडून विनंती. नवे डीएम ३डी६ बघून घाबरतात आणि "तो तुला बघतोय, मग स्नीक कसा" म्हणतात. नियमात लपायची अटच नाही, आपला माणूस शत्रूच्या पाच फुटांत असला आणि चोराला डिसअ‍ॅडव्हान्टेज नसला की झालं. वरचे आकडे बघा, स्नीक धरूनच तो १२ वर येतो, काढला तर साडेपाच, फायर बोल्टच्याही खाली.

क्लेरिकबद्दल थोडक्यात. लढाईत मोठं हीलिंग करण्यापेक्षा पडलेल्याला हीलिंग वर्डने उभं करणं स्वस्त पडतं, एक बोनस अ‍ॅक्शन आणि पहिल्या लेव्हलचा स्लॉट, त्यामुळे माणसं पडतात-उठतात, पडतात-उठतात. चालू द्या.

जुन्या काळी हा प्रश्न वेगळ्याच पद्धतीने सोडवायचे. १९८१ च्या बेसिक सेटमध्ये दुसऱ्या लेव्हलला जायला चोराला १२०० एक्सपी, फायटरला २००० आणि मॅजिक-युजरला २५००, म्हणजे जादूगार हळू वाढायचा आणि पहिल्या लेव्हलला एक स्पेल टाकून मरायचा. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने सगळ्यांना एकच तक्ता दिला आणि तिथून वरच्या लेव्हलचे जादूवाले सुटले ते सुटलेच. २००८ च्या चौथीत प्रत्येक क्लासला सारख्याच साच्यातल्या पॉवर दिल्या, बॅलन्स झकास झाला, पण सगळे क्लास एकसारखे वाटतात म्हणून लोक कुरकुरले. त्यामुळे डॅमेज समसमान करून प्रश्न सुटतो या भ्रमात राहू नका, टेबलावर लोकांना आपापल्या पद्धतीने कामाला यायचं असतं.

जादूच्या वस्तू वाटतानाही हेच बघा. विझार्डला अजून एक वँड देऊन काय होणार, त्याच्याकडे आधीच पर्याय जास्त आहेत. उडणारे बूट फायटरला द्या. कड्यावरचा धनुष्यवाला हा त्याचा कायमचा वैताग, तो एका वस्तूने मिटतो.

आणि प्रत्येक सेशननंतर, सगळे गेल्यावर, वहीत प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ लिहा, आज त्याने असं काय केलं ज्याने लढाई फिरली. डॅमेज किती ते नको. राकसाला दारात अडवलं, पुजाऱ्याचं स्पेल तोडलं, पडलेल्याला ओढून आणलं, असलं काहीही. ज्याच्यापुढे लागोपाठ दोन वेळा जागा रिकामी राहिली त्याची शीट समोर ठेवायची, त्याला काय येतं ते वाचायचं आणि पुढच्या वेळची पहिली लढाई त्याच्यासाठी लिहायची. तो विझार्ड असला तरी.